ब्रेकचा लिव्हर का थरथरतो?

शहाद्याहून तोरणमाळला जाणारा रस्ता वळणे घेत सातपुडा चढतो. पावसाळ्यात अशा घाटात डांबर ओले असते, तर कोठे माती व खडी पसरलेली असते. उतरताना मोटरसायकलस्वाराने एकदम जोराने ब्रेक दाबला तर काय होईल?

प्रथम एक प्रयोग करा. लाकडी ठोकळ्यावर वीट ठेवा. ठोकळ्याला ताणकाटा अडकवून हळूहळू ओढा. ठोकळा हलण्याच्या क्षणी काट्यावर दिसणारा आकडा ठोकळा सरकू लागताच कमी होतो. म्हणजेच वस्तू घसरू लागली की घर्षण कमी होते.

आता चाकाकडे वळू. फिरत्या चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणापुरता स्थिर असतो, म्हणून त्याची पकड चांगली असते. ब्रेकमुळे चाक फिरायचे थांबले, पण गाडी पुढे जात राहिली, तर टायर घसरतो. मग हँडल वळवूनही दिशा बदलत नाही आणि गाडी आडवी होते.

हे टाळण्यासाठी ‘ए.बी.एस.’ ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींना ती सक्तीची आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या खाचांच्या चकतीवरून संवेदक चाकाची गती मोजतो. चाक अडकू लागताच झडपा ब्रेकच्या तेलाचा दाब कमी करतात. चाक फिरू लागले की तो पुन्हा वाढवतात. एका सेकंदात असे अनेकदा घडते.

हीच चढउतार बोटांना थरथर म्हणून जाणवते. सवय नसलेला स्वार बिघाड झाला असे समजून लिव्हर सोडतो आणि ऐन गरजेच्या वेळी ब्रेक सुटतो! थरथर जाणवली तरी दाब कायम ठेवावा. ही सवय परवानाधारक स्वाराने मोकळ्या मैदानात, कमी वेगाने, जाणकारासमोर करावी.

मात्र ही यंत्रणा नवे घर्षण निर्माण करत नाही. सपाट ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.५ धरला, तर ब्रेक लागल्यापासून ताशी ३६ कि.मी. वेगाची गाडी सुमारे १० मीटरवर थांबते; ताशी ७२ कि.मी. वेगाची सुमारे ४० मीटरवर! वेग दुप्पट, अंतर चौपट. उतारावर व सुट्या खडीवर ते आणखी वाढते. म्हणून घाटात वळणाआधीच वेग कमी करणे हाच पहिला उपाय.

घरच्या दुचाकीला ही यंत्रणा असेल, तर चावी फिरवताच ‘ए.बी.एस.’चा दिवा लागतो व गाडी चालू लागल्यावर विझतो. तो विझत नसेल, तर यंत्रणा काम करत नाही असे समजा आणि मोठ्यांना अवश्य सांगा.