कुलूप नसलेले कपाट

वेल्स आणि इंग्लंड यांच्या सीमेवर, वाय नदीच्या काठी ‘हे-ऑन-वाय’ नावाचे एक शांत बाजारगाव आहे. वस्ती जेमतेम दोन हजारांची. दर गुरुवारी तेथे आठवडी बाजार भरतो. तेथील प्रवासी रेल्वे १९६२ च्या अखेरीस बंद पडली. आज हेरिफर्ड स्थानकावर उतरून पुढे रस्त्यानेच जावे लागते. तरीही जगभरचे वाचक या गावी येतात, ते पुस्तकांसाठी.

याचा आरंभ रिचर्ड बूथ यांनी केला. १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यांनी तेथील जुन्या अग्निशमन केंद्रात वापरलेल्या पुस्तकांचे दुकान उघडले. विक्रीस निघालेले ग्रंथसंग्रह त्यांनी अमेरिकेतूनही आणले. पुढे बंद पडलेल्या चित्रपटगृहातही पुस्तके मांडली गेली. १ एप्रिल १९७७ रोजी बूथ यांनी गमतीने स्वतःला गावाचा ‘राजा’ घोषित केले आणि गावाचे नाव दूरवर पोहोचले. १९८८ पासून तेथे साहित्य महोत्सव भरतो. आपल्या महाराष्ट्रात ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झालेल्या भिलारमागील प्रेरणाही हेच गाव होय.

परंतु आमचे मन वेधले ते तेथील किल्ल्याच्या आवारातील उघड्या फडताळांनी. तेथे विक्रेता नाही, पहाराही नाही. पुस्तक निवडावे, ठरलेली किंमत पेटीत टाकावी आणि जावे. न दिलेले घेऊ नये, हे पंचशीलातील दुसरे शील आम्ही रोज वंदनेत उच्चारतो. त्या परक्या गावी ते व्यवहारात उतरलेले दिसते.

मग आम्ही आमच्याच वसतिगृहाकडे पाहिले. ग्रंथांसाठी ‘राजगृह’ उभारणाऱ्या बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर, आणि तिच्याखाली ग्रंथांचे कपाट कुलूपबंद! पुस्तके हरवतील, हे भय आम्ही बाळगले. पुस्तके सुरक्षित राहिली, पण वाचक हरवले. ज्या विद्यार्थ्यांना शील शिकवायचे, त्यांच्यावरच आम्ही अविश्वास दाखवला, हे नम्रपणे मान्य केले पाहिजे.

म्हणून येत्या वर्षावासापासून व्हरांड्यात एक उघडे कपाट ठेवण्याचे आम्ही ठरवले आहे. शेजारी एक वही असेल. पुस्तक नेणाऱ्याने तीत आपले नाव लिहावे आणि वाचून झाल्यावर ते परत ठेवावे. काही पुस्तके कदाचित परत येणार नाहीत. तरीही विश्वास ठेवल्यावाचून विश्वासार्हता शिकवता येत नाही, असे आम्हांस वाटते.