परीक्षानळी नाही, तरी रसायनशास्त्र?

प्रश्न : माझी मुलगी रसायनशास्त्रात बी.एस्सी. करते आहे. पुढे तिला सैद्धान्तिक आणि संगणकीय भौतिक रसायनशास्त्र शिकायचं आहे. म्हणजे दिवसभर संगणकापुढे बसायचं. याला रसायनशास्त्र म्हणायचं का? आणि सगळं संगणकच करणार असेल, तर विद्यापीठात शिकवतात तरी काय?
— एक पालक, कराड

उत्तर : हे रसायनशास्त्रच आहे. मेथिलीन नावाच्या एका चिमुकल्या रेणूची हकीकत ऐका. एक कार्बन, दोन हायड्रोजन, एवढाच त्याचा संसार. तो सरळ रेषेत असतो की वाकलेला? १९६० मध्ये फॉस्टर आणि बॉइज यांनी गणित करून सांगितलं, वाकलेला. कोन १२९ अंश. पुढच्याच वर्षी गेरहार्ड हर्झबर्ग यांनी वर्णपटावरून तो सरळ असल्याचा निष्कर्ष काढला. हर्झबर्ग म्हणजे वर्णपटशास्त्रातला केवढा मोठा अधिकार! गणित मागे पडलं. १९७० मध्ये बेंडर आणि शेफर यांनी अधिक काटेकोर गणना केली, तेव्हा कोन आला सुमारे १३५ अंश. त्याच वर्षी वेगळ्या पद्धतीच्या प्रयोगांतूनही रेणू वाकलेलाच दिसला. हर्झबर्ग यांनी आपले वर्णपट पुन्हा तपासले आणि १९७१ मध्ये निष्कर्ष बदलला. नोबेल पारितोषिकही त्यांना त्याच वर्षी मिळालं. एवढ्या मोठ्या माणसानं पुराव्यापुढे मत बदललं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

संगणक आकडा देतो; त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हे शिकावं लागतं. या अभ्यासक्रमाचा गाभा तोच आहे.

श्रोडिंगर यांचं समीकरण १९२६ पासून आपल्या हाती आहे. रेणूचं सगळं वागणं त्यातून निघायला हवं, पण ते सोडवायचं कसं? पाण्याच्या एका रेणूत दहा इलेक्ट्रॉन असतात. प्रत्येकाचे तीन, असे तीस निर्देशांक झाले. प्रत्येकासाठी फक्त दहा बिंदू घेतले, तरी एकावर तीस शून्यं इतके आकडे साठवावे लागतील. तेवढी जागा कुठल्याही संगणकात नाही. म्हणून अंदाजाच्या पद्धती शोधाव्या लागल्या. इलेक्ट्रॉनांचा स्वतंत्र हिशेब न ठेवता अवकाशात त्यांची घनता कुठे किती आहे एवढं कळलं तरी पुरतं, हे वॉल्टर कोन आणि सहकाऱ्यांनी १९६४-६५ मध्ये दाखवलं. घनतेला निर्देशांक तीनच! जॉन पोपल यांनी गणनेच्या पद्धती सर्वसामान्य रसायनशास्त्रज्ञाला वापरता येतील अशा आज्ञावलीत आणल्या. १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं.

अचूकतेची किंमत मात्र जबर असते. अतिशय भरवशाच्या मानल्या जाणाऱ्या एका पद्धतीत रेणू दुप्पट मोठा केला, की काम १२८ पट वाढतं. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी यावर एक सुंदर उपाय विकसित केला. मोठ्या रेणूचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे पाडायचे, प्रत्येकाचं गणित वेगळं करायचं आणि उत्तरं जोडताना दोनदा मोजला गेलेला भाग वजा करायचा. रेणू कुठून कापावा, हे मात्र रसायनशास्त्र पक्कं असल्याशिवाय कळत नाही.

चूक किती चालते? अभिक्रियेच्या ऊर्जा-अडथळ्यात मोलमागे जेमतेम १.४ किलोकॅलरीची चूक झाली, तरी नेहमीच्या तापमानाला तिचा वेग दहापट चुकतो. म्हणून मुलीला प्रात्यक्षिकं सोडू देऊ नका. प्रयोगातला आकडा कसा मिळतो आणि त्यात किती खोट असू शकते, हे ज्यानं हातानं केलं नाही, त्याला आपल्या गणनेची तुलनाही नीट करता येत नाही.

खरी अडचण वेगळीच असते. आपल्याकडे रसायनशास्त्र घेणारी बरीच मुलं बारावीनंतर गणिताला रामराम ठोकतात. तिनं रेषीय बीजगणित आणि विकलक समीकरणं आत्ताच हाती घ्यावीत. पायथन आणि लिनक्स हळूहळू जमतात, त्याची घाई नको. पहिला सराव म्हणून ब्युटाडाइनचा ह्युकेल पद्धतीचा हिशेब कागदावर करावा. चार ओळी-चार स्तंभांची सारणी, एका दुपारचं काम. मधला बंध साध्या एकेरी बंधापेक्षा आखूड का, हे त्यातून आपोआप उलगडतं. मग पायएससीएफ किंवा साय-फोर ही मोफत मिळणारी आज्ञावली घरच्या संगणकावर टाकून पाण्याचा बंधकोन काढावा. प्रयोगातलं उत्तर १०४.५ अंश आहे. पद्धत बदलली की आपलं उत्तर कुठे सरकतं, ते वहीत लिहून ठेवावं.

संशोधन गट निवडताना तिथल्या विद्यार्थ्यांना तिनं एक प्रश्न जरूर विचारावा : तुमची अलीकडची कुठली गणना प्रयोगाशी जुळली नाही, आणि का? ज्या गटात याचं उत्तर मोकळेपणानं आणि तपशिलात मिळेल, तिथं प्रवेशासाठी प्रयत्न करावा.