नाक कुठे, कान कुठे? : लहानग्यांना शरीराची ओळख

दीड-दोन वर्षांचे मूल तापाने फणफणलेले दवाखान्यात येते आणि नुसते रडते. पोट दुखते की कान, हे आईलाही सांगता येत नाही. ज्या मुलाला ‘कान’ हा शब्द ओळखीचा आहे ते विचारल्यावर निदान कानाकडे हात नेते, आणि तपासणाऱ्याचे पुष्कळ काम तिथेच होते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर पावसाळ्यात विंचू-सापाची भीती असतेच. ‘कुठे चावले?’ म्हटल्यावर मुलाने पाय पुढे केला तरी खूप झाले. (मग भगताकडे नको, थेट रुग्णालयात.) म्हणून शरीराची ओळख हा आम्ही आरोग्याचा पहिला धडा मानतो.

सुमारे दीड वर्षाचे मूल विचारल्यावर एखादा अवयव दाखवू लागते. दोन वर्षांपर्यंत निदान दोन अवयव दाखवता यावेत. दाखवणे आधी येते, नाव घेणे मागून. म्हणून ‘बोल, बोल’ असा तगादा लावू नये आणि पाहुण्यांसमोर परीक्षा तर मुळीच घेऊ नये.

याला वेगळा वेळ काढायला नको. कामावर जाणाऱ्या आईला तो मिळतही नाही. तेल लावताना, अंघोळ घालताना, झबले चढवताना हात चालू असतात, तोंडही चालू ठेवावे: ‘हा हात धुतला, आता पाय दे.’ एका वेळी दोन-तीनच नावे घ्यावीत. नाक, डोळे, कान, तोंड, पोट आधी. गुडघा, कोपर, टाच नंतर. मुलाचे नाक दाखवून झाले की आजीचे नाक, मग बाहुलीचे. आरसा असेल तर उत्तमच.

शब्द घरात बोलतात तेच वापरावेत. वारली, कोकणा, मराठी, गुजराती, आपल्याकडे एकाच आळीत चार बोली ऐकू येतात. घरचा शब्द पक्का झाला की अंगणवाडीतला शब्द मूल सहज उचलते. दोन भाषांनी मूल गोंधळते ही समजूत खोटी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली आपल्याच बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुलांची अंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे हाही त्यांच्या शिकवण्याचा भाग होता. अंगणवाडीची कल्पना या मातीतली आहे, हे आपल्या सेविकांनी अभिमानाने सांगावे.

आता अवघड वाटणारा भाग. नाक-कान हौसेने शिकवणारे घर शू-शीच्या जागेपाशी आले की ‘छी, घाण!’ म्हणते. मूल त्यातून एवढेच शिकते की या जागेबद्दल बोलायचे नाही. उद्या कोणी तिथे वाईट हेतूने हात लावला तर ते सांगणार कसे? बालकांच्या लैंगिक छळाविरुद्ध 2012 चा पोक्सो कायदा आहे, पण त्याची सुरुवात मुलाच्या एका शब्दापासून होते. घरातल्या सगळ्यांनी त्या जागेला एकच साधे नाव ठेवावे आणि ते नाकाइतक्याच सहज आवाजात घ्यावे. आई स्वच्छ करते, नर्स आईसमोर तपासते, बाकी कोणी हात लावायचा नाही, हे तीन वर्षांच्या मुलाला कळते.

आपल्या समाजाने तर शरीरात उच्च-नीच मानूच नये. तोंडापासून जन्मले ते श्रेष्ठ आणि पायापासून जन्मले ते हलके, या पुरुषसूक्तातल्या कल्पनेची चिरफाड बाबासाहेबांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या 1946 च्या ग्रंथात केली. तरीही पाय म्हणजे हलका, डावा हात म्हणजे वाईट, असे आपल्याच घरात ऐकू येते. डाव्या हाताने खाणाऱ्या मुलाच्या हातावर चापटी मारणारी आजी आम्हाला विहारातही भेटते.

दोन वर्षे होऊनही मूल काहीच दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, एकही शब्द बोलत नसेल तर ‘बोलेल उशिरा, बापही असाच होता’ म्हणून थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत. वारंवार कान वाहिल्याने ऐकू कमी येते. वाहत्या कानात तेल टाकू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुले तपासायला येते. वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांची मुले नेमकी तेव्हा गावात नसतात. अशा आईने परत आल्याबरोबर सेविकेला किंवा आशाताईला सांगावे आणि पथकाची पुढची तारीख विचारून ठेवावी.