वायनरीतून थेट वाईन खरेदी : काय पाहावे, काय विचारावे

नाशिक परिसर, सोलापूर जिल्ह्यातील अकलूज आणि कर्नाटकातील नंदी टेकड्यांचा प्रदेश येथे द्राक्षबागेस भेट देऊन उत्पादकाकडूनच वाईन विकत घेण्याची पद्धत रुजत आहे. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. २००५ मध्ये नाशिकजवळ सुला वायनरीची टेस्टिंग रूम सुरू झाली. दुकानातील बाटली लेबल पाहून निवडावी लागते. बागेत त्या लेबलामागील कारणे समजतात.

भेटीचा काळ

महाराष्ट्रातील हवामानात वेल हिवाळी सुप्तावस्थेत जात नाही. त्यामुळे वर्षातून दोन छाटण्या केल्या जातात : एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा ओसरताना फळछाटणी. वाईन द्राक्षांची काढणी साधारणतः जानेवारी ते मार्चमध्ये होते. या काळात काढणी, गाळप व किण्वन एकाच भेटीत पाहता येते.

विचारावयाचे प्रश्न

१. काढणी कोणत्या वेळी होते? उन्हात तापलेल्या द्राक्षांचा रस लवकर ऑक्सिडीकृत होतो व सुगंध घटतो. म्हणून पहाटेची काढणी इष्ट.

२. काढणीच्या वेळी ब्रिक्स किती होते? प्रतिलिटर सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल तयार होते. २२ ब्रिक्सच्या रसापासून पूर्ण किण्वनानंतर सुमारे १२ ते १३ टक्के अल्कोहोल अपेक्षित असते. लेबलावरील प्रमाण याहून बरेच कमी असल्यास वाईनमध्ये साखर शिल्लक असण्याची शक्यता असते.

३. काढणीचे वर्ष कोणते? शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ यांसारख्या बहुतेक पांढऱ्या वाईन ताज्या असतानाच चांगल्या लागतात. ओक पिंपात मुरवलेली शिराझ किंवा कॅबरने सोव्हिन्याँ काही वर्षे ठेवता येते.

वाहतूक व परवाना

उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलेली वाईन काही तासांत खराब होऊ शकते. बाटल्या थर्माकोलच्या पेटीत न्याव्यात आणि घरी १२ ते १५ अंश सेल्सिअस तापमानात, अंधारात ठेवाव्यात; कॉर्कची बाटली आडवी ठेवावी. महाराष्ट्रात वाईन खरेदीसाठी वय किमान २१ वर्षे व मद्यसेवन परवाना आवश्यक आहे. गुजरात व बिहारमध्ये दारूबंदी लागू असल्याने तेथे बाटली नेणे गुन्हा ठरू शकते. अन्य राज्यांत नेण्यापूर्वी तेथील उत्पादन शुल्काचे नियम तपासावेत.

उत्पादकासाठी महत्त्व

वाईन द्राक्षांचे मणी लहान व बियांचे असल्याने त्यांना खाण्याच्या द्राक्षांची बाजारपेठ मिळत नाही. वायनरीने माल न उचलल्यास शेतकऱ्यापुढे पर्याय उरत नाही. २००८ नंतरच्या मंदीत मागणी घटली, तेव्हा महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांना अशा बागा काढून टाकाव्या लागल्या. बागेवर येऊन, पारखून वाईन घेणारा ग्राहक म्हणूनच वायनरीइतकाच द्राक्ष उत्पादकालाही मोलाचा आहे.