मावळ्याला रंग लावण्याआधी

दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं घरी करायचा नाद लागला, की माणूस सगळ्यात आधी धावतो तो रंगांच्या दुकानात. चित्र बिघडतं ते मात्र रंगाच्या कितीतरी आधी, ओल्या मातीत. भिवंडीत राहून हा उद्योग मी बरीच वर्षं केला आहे. इथली दमट हवा, यंत्रमागांची उडती रुई आणि सणाच्या तोंडावरची घाई, या तिघांनी मिळून माझे जेवढे मावळे मारले तेवढे कुठल्या लढाईत पडले नसतील.

भिवंडीच्या पोरांनी किल्ला करायला तसं कारणही आहे. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि स्वराज्याच्या आरमाराची पहिली जहाजं याच खाडीकाठी बांधायला घेतली. दुर्गाडी किल्ला तर आपल्या दारातला. त्यामुळे आमच्या आळीतल्या किल्ल्याला पायथ्याशी खाडी हवीच, आणि खाडीत गलबतं हवीच. एका वर्षी मी सगळा दरबारच अंगावर घेतला. सिंहासनावर महाराज, दोन्ही बाजूंना भालदार, बुरुजावर गोलंदाज, गलबतावर खलाशी. सगळं शाडूचं, साच्यातून काढून हाताने साफ केलेलं, वीतभर उंचीचं. त्या साली पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळला होता. हाताला कोरडी लागतात म्हणून मी चित्रं रंगवायला घेतली, आणि किल्ला उघड्यावर असतो, दव पडतं, रंग धुपायला नको, म्हणून डब्यातला ऑइल पेंट लावला. दिसायला झकास दिसली. वसुबारसेला पहिला फोड आला. धनत्रयोदशीला एका भालदाराचा अंगरखा अख्खा पोपडा होऊन माझ्या हातात आला आणि खालची माती बोटाला चिकटली, इतकी ती ओली होती.

पुढे पेणला गेलो असताना एका मूर्तींच्या कारखान्यात तिथल्या म्हाताऱ्या कारागिराला विचारलं, की रंग कुठला वापरू म्हणजे सुटणार नाही?

"दादा, रंगाचं नंतर विचारा. वाळवलीत किती दिवस?"

मी म्हटलं, हाताला कोरडी होती की.

"हाताला सगळंच कोरडं लागतं. गालाला लावून बघायची. गार लागली की पोटात ओल आहे."

शाडूची ओल बाहेरून आत नव्हे, आतून बाहेर येत राहते. पातळ भाग, म्हणजे मनगट, मान, पगडीचा तुरा, दोन दिवसांत वाळतात. पायाखालची बैठक जाड असते, ती पंधरा दिवसांनीही ओली सापडते. वर ऑइल पेंटचं अभेद्य कातडं चढवलं की त्या ओलीला वाट राहत नाही आणि ती रंगालाच उचलून फेकते. गालाची परीक्षा चांगली आहेच, पण नव्या माणसाला ती जमेलच असं नाही. त्याने स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्यावा. दर दोन दिवसांनी चित्राचं वजन वहीत लिहावं. वजन उतरायचं थांबलं म्हणजे चित्र वाळलं, त्याआधी ब्रश उचलू नये. बैठक खालून चमच्याने कोरून पोकळ केली तर हे काम निम्म्या वेळात होतं, शिवाय तडेही कमी जातात.

तड्यांचं कारणही तेच. वाळताना माती आखडते, आणि पातळ भाग आधी आखडला, जाड भाग तसाच राहिला, की जोडावर चीर पडते. म्हणून पत्र्यावर कडक उन्हात किंवा पंख्याखाली ठेवून घाई करायची नाही. सावलीत ठेवावं, रोज बाजू फिरवावी, पहिले दोन दिवस मान आणि हात यांच्यावर ओलसर फडकं राहू द्यावं. आत लोखंडी तार घालणारे पुष्कळ भेटतात. ती गंजते आणि तिचा तपकिरी डाग पांढऱ्या अंगरख्यातून वर येतो. शिवाय माती आखडते, तार आखडत नाही, म्हणून तारेच्या कडेने चीर ठरलेली. वीतभर चित्राला तार लागतच नाही. भाला वेगळा करावा, झाडूच्या हिराचा, आणि मुठीत भोक ठेवून शेवटी खोवावा.

आता रुईविषयी. शाडूत कापूस कुटून घातला तर ती चिवट होते, हे मूर्तिकार पूर्वीपासून करत आलेत. भिवंडीत कापूस विकत कशाला आणायचा, मागाखाली पसाभर पडलेला असतो, असं मलाही वाटलं होतं. पण आता इथल्या बऱ्याच मागांवर पॉलिस्टरचा धागा चालतो. तो पाणी पीत नाही, मातीशी एकजीव होत नाही, आणि काचकागद मारला की चित्राला केस फुटल्यासारखे तंतू उभे राहतात. औषधांच्या दुकानात मिळतो तो साधा कापूस घ्यावा. उडणारी रुई मात्र कोणालाच चुकत नाही. ओल्या रंगावर ती येऊन बसते आणि वाळल्यावर काढायला गेलं की रंगासकट निघते. आमच्या घराच्या मागच्या भिंतीपलीकडे माग आहेत. मी रंगाचं काम कारखाना बंद असेल त्या दिवशी करतो आणि वाळणाऱ्या चित्रांवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालतो. त्याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

रंग म्हणाल तर शाडूवर पाण्यातले रंगच घ्यावेत. खडूची भुकटी आणि डिंक यांचं पातळ अस्तर, किंवा ॲक्रिलिक प्रायमर पाणी घालून, आणि त्यावर पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ द्यावेत, नाहीतर साच्याने दिलेलं नाकडोळ्यांचं कोरीव काम रंगातच बुडतं. बाजारातली प्लास्टरची चित्रं आणून नव्याने रंगवायची असतील तर आधी कानामागून खांद्यावर उतरणारी साच्याची शिवण ब्लेडने खरवडून काढावी. ती राहिली तर कितीही रंगवा, चित्र बाजारीच दिसतं.

डोळ्यांची आखणी हा मोठा विषय आहे. गणपतीच्या कारखान्यात ती सगळ्यात शेवटी होते, कारण तिथे करणारा हात मुरलेला असतो. नवशिक्याने ती आधी करावी. चेहऱ्यावर त्वचेचा रंग चढला की लगेच डोळे काढावेत, म्हणजे चुकलं तर चेहराच पुन्हा रंगवता येतो, दागिने आणि पगडी खराब होत नाहीत. डोळ्याचं पांढरं निव्वळ पांढरं ठेवू नये, त्यात थेंबभर बदामी मिसळावा. बुबुळ वरच्या पापणीला टेकलेलं हवं. ते चहूबाजूंनी सुटं, पूर्ण गोल दिसलं, की मावळा घाबरलेला दिसतो, आणि घाबरलेले मावळे बुरुजावर उभे करून काय उपयोग?

सगळ्या मावळ्यांना एकसारखा भगवा अंगरखा हीसुद्धा आपल्याकडची एक खोड आहे. बँडपथकच वाटतं ते. शिवकाळात शिपायांना आजच्यासारखा गणवेश नव्हता. ज्याच्या घरी जे असेल ते. मळकट पांढरा, मातकट तांबडा, थोडा निळा असे रंग मिसळले की किल्ला जिवंत वाटतो. महाराजांच्या चेहऱ्यासाठी कॅलेंडर समोर ठेवू नये. वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचं अस्सल चित्र शोधून पुढे आणलं, त्याआधी दुसऱ्याच एका माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. आज महाराजांची अस्सल जुनी चित्रं कोणालाही पाहायला मिळतात. ती बघून रंगवायला काय हरकत आहे?

चकाकीसाठी लॅकरचा स्प्रे मारणाऱ्यांनी आभाळाकडे बघावं. दमट संध्याकाळी मारला तर दहा मिनिटांत चित्रावर दुधाळ साय धरते. स्प्रेमधलं थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर जमते. कोरड्या दुपारी वरून हलका हात मारला तर कधी कधी ती निघते, कधी नाही. स्प्रे गच्चीवर मारावा, बंद खोलीत नाही, आणि पणत्या-फुलबाज्यांच्या आसपास तर मुळीच नाही.

आता ज्याची लोक थट्टा करतात ते. ब्रशला टोक आणायला तो ओठात धरायची सवय असेल तर ती आजच सोडा. भगवा आणि पिवळा हे आपल्या किल्ल्याचे मुख्य रंग, आणि डब्यातल्या जुन्या ऑइल पेंटमध्ये नेमक्या याच छटांत शिशाचं क्रोमेट असायचं. घरगुती रंगांत दहा लाख भागांत 90 भागांहून जास्त शिसं असू नये असा नियम भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. माळ्यावर पडलेला जुना डबा त्याआधीचा असू शकतो, आणि कारखान्यांसाठीच्या रंगांना तो नियम नाही. मुलांच्या हाती असे रंग देऊ नयेत. डब्यावर शिसं नसल्याचं लिहिलंय का ते बघावं आणि रंगवताना खाणं बाजूला ठेवावं.

प्लास्टर ऑफ पॅरिस ओतणाऱ्यांनाही एक सांगतो. ते घट्ट होताना तापतं, आणि जाड थर असेल तर चांगलंच तापतं. हाताचा ठसा घ्यायला म्हणून मुलाचा हात त्यात कधीही बुडवू नका. इंग्लंडमध्ये 2007 साली एका शाळकरी मुलीने असाच प्रयोग केला आणि भाजून हाताची बोटं गमावली. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नये. ते पाण्याखालीही घट्ट होतं आणि मग प्लंबरला बोलवावं लागतं. टोपल्यात वाळू द्यावं आणि खवले कचऱ्यात टाकावेत.

चित्रं छान झाली, मांडली, आणि भाऊबीजेपर्यंत पायातून विरघळून आडवी पडली, असंही होतं. किल्ल्यावर आपण अळीव पेरतो, त्याला रोज पाणी मारतो, आणि न भाजलेली शाडू ते पाणी खालून शोषते. प्रत्येक चित्राखाली फरशीचा तुकडा किंवा बाटलीचं झाकण ठेवा आणि त्यावर माती पसरून झाकून टाका. पाणी शिंपडायचं काम मुलांचंच असतं, तेव्हा चित्रं कुठे आहेत ते त्यांना दाखवून ठेवा.

अनंत चतुर्दशी ते धनत्रयोदशी साधारण दीड महिना मिळतो. दिवाळी ऑक्टोबरात असेल तर त्यातले बरेच दिवस पावसात जातात, म्हणून अशा वर्षी चित्रं श्रावणातच साच्यातून काढून ठेवावीत. घरचा शाडूचा गणपती बादलीत विसर्जित केलात तर ती माती टाकू नका. वरच्या रंगाचा थर काढून गाळून घेतली की तिच्यातून पाचसहा मावळे सहज होतात. या वर्षी तेवढेच करा, दरबार पुढच्या वर्षी मांडा.