लॅपटॉपच्या स्मृतीची वाढ : खरेदीपूर्वी पाहावयाच्या गोष्टी

शाळेतील लॅपटॉप मंद चालू लागला, म्हणजे तो निकामी झाला असे समजण्याकडे पुष्कळांचा कल असतो. यू-डायस प्लसची माहिती भरावयाची आहे, मुले दीक्षावरील पाठ पाहण्यासाठी भोवती जमली आहेत, आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत आहे. अशा वेळी द्विशिक्षकी शाळेतील शिक्षकाचा तास फुकट जातो. वस्तुतः दोष अनेकदा यंत्राच्या वयाचा नसून अपुऱ्या स्मृतीचा, म्हणजे रॅमचा, असतो. ती वाढविता येते. परंतु घाईने आणलेली पट्टी यंत्रात चालली नाही, तर शाळेचे तुटपुंजे अनुदान वाया जाते.

रॅम म्हणजे गुरुजींचे मेज आणि डिस्क म्हणजे कपाट. मेज लहान असेल, तर हजेरीपत्रक उघडण्यासाठी आधीची वही कपाटात ठेवून यावे लागते. संगणकही हेच करतो आणि त्या येरझाऱ्यांत त्याचा वेळ जातो. नेहमीची सर्व कामे उघडी ठेवून टास्क मॅनेजरमध्ये स्मृतीचा आकडा पाहावा. ती जवळजवळ भरलेली दिसल्यास वाढ उपयोगी पडेल. निम्मी रिकामी असल्यास नवी रॅम आणून काहीच साधणार नाही. तेथे जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविणे अधिक फलदायी.

त्यानंतर कार्यप्रणाली ३२ बिटांची आहे की ६४ बिटांची, हे पाहिले पाहिजे. स्मृतीतील प्रत्येक घराला क्रमांक लागतो. एका बिटाने दोन क्रमांक होतात, दोन बिटांनी चार, तीन बिटांनी आठ. असे दुप्पट करीत ३२ बिटांपर्यंत गेले, की ४,२९,४९,६७,२९६ ही संख्या येते. हेच ४ जीबी होत. (घातांक शिकविताना हे उदाहरण फळ्यावर मांडण्यासारखे आहे.) यांपैकी काही क्रमांक यंत्रातील इतर भागांसाठी राखलेले असतात. म्हणून ३२ बिटांच्या विंडोजला ८ जीबी दिले, तरी ती ४ जीबीचाही पुरता उपयोग करू शकत नाही. ६४ बिटांची प्रणाली मात्र नव्याने घालावी लागते. तत्पूर्वी शाळेच्या सर्व फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.

यंत्राची स्वतःचीही मर्यादा असते. निर्मात्याने छापलेला आकडा पुष्कळदा त्या काळी मिळणाऱ्या सर्वांत मोठ्या पट्टीवरून ठरलेला असतो. ॲपलच्या २०११ सालच्या मॅकबुक प्रोची मर्यादा ८ जीबी सांगितलेली होती. पुढे ८ जीबीच्या पट्ट्या बाजारात आल्यावर त्यांत १६ जीबी सुरळीत चालू लागली. याच्या आधारे मनास येईल तेवढी रॅम मात्र घेऊ नये. प्रोसेसरमधील स्मृतिनियंत्रकाची मर्यादा कोणास ओलांडता येत नाही. काही लॅपटॉपांत तर रॅम मुख्य फलकावरच डाखलेली असते. २०१२ सालचा रेटिना मॅकबुक प्रो हा त्यांतलाच. तेथे वाढ संभवतच नाही.

दुकानात जाताना जुनी पट्टी बरोबर न्यावी. डीडीआर ३ ला २०४, डीडीआर ४ ला २६० व डीडीआर ५ ला २६२ टोके असतात, आणि खाचेची जागाही निराळी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. खरी फसगत डीडीआर ३ मध्ये होते. १.५ व्होल्टची पट्टी १.३५ व्होल्टच्या यंत्रात बरोबर बसते, पण ज्या यंत्राला १.३५ व्होल्टच लागतात ते तिच्यावर चालू होत नाही. दोन जागा असतील, तर समान क्षमतेच्या दोन पट्ट्या घेणे चांगले. दोन्ही मार्गांनी काम चालते.

बसविण्याचे काम सोपे आहे. यंत्र पूर्ण बंद करून चार्जर व निघत असल्यास बॅटरी काढावी. धातूच्या वस्तूस हात लावून अंगातील स्थिर विद्युत् घालवावी. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत हे विसरू नये. बाजूचे चिमटे सरकविताच पट्टी तिरपी उचलली जाते. नवी पट्टी तशीच तिरपी सारून चिमटे लागेपर्यंत खाली दाबावी. पहिल्या वेळी पडदा उजळण्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागू शकतो. तरीही तो काळाच राहिल्यास पट्टी काढून पुन्हा नीट बसवावी.

विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक एकदा चालवून पाहीपर्यंत जुनी पट्टी सांभाळून ठेवावी. नवी पट्टी जडसंग्रह नोंदवहीत चढवावी व काढलेली जुनीही त्याच पानावर दाखवावी.