ज्वारीच्या उकडीची खेळणी

आषाढात दीप अमावास्येला आपल्याकडे कणकेचे गोड दिवे उकडतात. त्या वेळी परातीतला एखादा गोळा पळवून लहान मुले त्याचा साप, बैल, चूल असे काहीबाही करीत बसतात. बहुतेक घरांत तो गोळा लगेच काढून घेतला जातो. तो काढून घेऊ नये. उलट सुटीच्या दिवशी मुद्दाम द्यावा आणि सोलापूर जिल्ह्यात तरी तो ज्वारीचा द्यावा. बाजारातील खेळायची रंगीत माती खाण्यासाठी नसते. घरी भरपूर मीठ घालून टिकवलेली कणीकही मुलांच्या पोटात जाणे धोक्याचे असते.

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो. थंड पाण्यात भिजवून बैल केला तर त्याची शिंगे लगेच गळतात. उकळत्या पाण्याने मात्र पिठातील पिष्ट फुगते आणि गोळा चिकट होतो. भाकरीसाठी गरम पाणी घेणाऱ्या भगिनींना हे सांगायला नकोच. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ किंवा घरची कोणतीही रब्बी ज्वारी चालेल. पीठ मात्र ताजे हवे. विरी गेलेल्या पिठाचे बैल होत नाहीत, भाकरीही होत नाही.

एक वाटी पाण्यात चिमूटभर मीठ व चमचाभर तेल घालून उकळी आणावी. आच मंद करून एक वाटी पीठ घालावे, ढवळावे आणि झाकण ठेवून दोन-तीन मिनिटे वाफ द्यावी. उकड कोमट झाल्यावर ओल्या हाताने भरपूर मळावी. गोड हवी असल्यास त्याच पाण्यात अर्धी वाटी गूळ विरघळवून गाळून घ्यावा. रंगासाठी हळद, बिटाचा रस किंवा वाटलेला पालक पुरतो. रस घातला तर तेवढे पाणी कमी घ्यावे.

गोळे ओल्या फडक्याखाली ठेवावेत, नाहीतर भेगा पडतात. तीन वर्षांचे मूल गोळ्या व वळ्या करते, पाच-सहा वर्षांचे शिंगे-शेपटीसह बैल करते. शिंग चिकटवताना पाण्याचे बोट लावावे. डोळ्यांना तीळ लावावेत. अख्खा शेंगदाणा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. बैल बोटापेक्षा जाड करू देऊ नये, पोटात कच्चा राहतो. मुले मधूनच खातात, पण आधी वाफवायचे ही अट पाळावी. चाळणीत फडके घालून पंधरा मिनिटे वाफ पुरते. जमिनीवर पडलेला गोळा कोंबड्यांना टाकावा.

आता एक गोष्ट शेतकरी बंधूंसाठी. पेरणीनंतर पिशवीत उरलेले बियाणे गंधक किंवा कीटकनाशक चोळलेले असते. धुऊन वाळवले तरी ते खाण्यायोग्य होत नाही. ते गिरणीत कधीही जाऊ देऊ नये, आणि त्याची पिशवी धान्याच्या कणगीजवळही ठेवू नये. दुष्काळी वर्षी हा मोह होतो म्हणूनच हे मुद्दाम लिहिले. फवारणी करून आलेल्या माणसानेही अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय मुलांच्या परातीला हात लावू नये.

तिखटामिठाचे बैल शेंगाचटणी व दह्याबरोबर, गोड दिवे तुपाबरोबर गरम असतानाच द्यावेत. एरवी भाकरीकडे पाठ फिरवणारे मूल स्वतः केलेल्या बैलाचे शिंग आधी खाते. उरलेले त्याच संध्याकाळी कुस्करून कांद्याची फोडणी द्यावी.